लूपचा हिशेब

केंद्र सरकारने १९६५ साली कुटुंबनियोजन कार्यक्रमात ‘लूप’ आणला. अमेरिकेतील बफेलोचे डॉ. जॅक लिप्पेस यांनी घडवलेले हे प्लॅस्टिकचे नागमोडी साधन. क्ष-किरणांत दिसावे म्हणून त्यात बेरियम मिसळलेले असे. कानपूरला त्याचा कारखानाही निघाला. १९६६-६७ मध्ये देशभर सुमारे ९ लाख १० हजार लूप बसवले गेले. दोनच वर्षांनी हा आकडा ४ लाख ८० हजारांच्या घरात आला.

या घसरगुंडीचे खापर ‘अज्ञान’ आणि ‘अफवा’ यांच्यावर फोडण्याची आम्हां सरकारी मंडळींना सवय आहे. मला ते पटत नाही. रक्तस्राव व ओटीपोटातील दुखणे या तक्रारी तर सर्रास होत्या. परंतु ज्यांना वैद्यक ‘दुर्मिळ’ म्हणते त्या गुंतागुंतीही विचारात घ्याव्या लागतात. साधन कधी गर्भाशयाची भिंत भेदून पोटात सरकते. क्वचित ते मूत्राशयात शिरते आणि त्याभोवती खडा धरतो. आजच्या अभ्यासांनुसार भिंत भेदली जाण्याचे प्रमाण साधारणतः हजारी एक ते दोन आहे; मूल अंगावर पीत असेल तर धोका वाढतो.

हजारी एक हेच प्रमाण त्या काळाला लावून पाहू. ९ लाखांमागे एका वर्षात ९०० स्त्रिया! एखाद्या डॉक्टरला जन्मभरात अशी रुग्ण भेटणारही नाही. पण जिच्या पोटातून लूप शस्त्रक्रिया करून काढावा लागला, तिची हकिकत पंचक्रोशीत पोहोचणारच. तिला अफवा कसे म्हणावे?

खरी गोम मोजणीत होती. १९६६ पासून केंद्र राज्यांना लूपमागे ११ रुपये देई, तेही बसवण्याबद्दल. अर्थशास्त्राचा साधा नियम असा की, ज्याला पैसे मिळतात तेच मोजले जाते. किती टिकले, किती गळून पडले, कोणाला काय झाले, हे लक्ष्याच्या रकान्यात बसत नव्हते.

पुढे तांब्याचे साधन आले आणि मराठीने त्याला ‘तांबी’ हे सुटसुटीत नाव दिले. (दिल्लीच्या कोणत्याही परिभाषा समितीला हे सुचले नसते!) तांबीचा दोरा हाताला लागत नाही म्हणून स्त्री आली, तर ‘पडली असेल’ असे म्हणून तिला परत पाठवायचे नसते. सोनोग्राफी करावी, तीत दिसली नाही, तर पोटाचा एक्स-रे काढावा. या दुसऱ्या भेटीची नोंद आपल्या केंद्रांत कोठे होते, हे मी दौऱ्यावर असताना आवर्जून विचारतो.