दुधाचा पगार

आम्ही बोरिवलीच्या बचत गटातल्या बाया. आमच्या दारात पहाटे दुधाची पिशवी पडते, गाय कुठे दिसत नाही. पण गटातल्या कितीतरी जणींचं माहेर संगमनेर, अकोले, जुन्नरकडचं. त्यामुळे तिकडे भाव पडला की आम्हाला फोनवरच कळतं.

पूर्वी अंधेरी, जोगेश्वरीला म्हशींचे तबेले होते. म्हैस आटली की शहरात पोसणं परवडत नसे. चांगली दुधाळ जनावरंही कसायाकडे जात. १९४९ साली गोरेगावला आरे कॉलनी वसवली आणि शहरातल्या म्हशी तिकडे हलवायला सुरुवात झाली.

तोवर गुजरातच्या खेडा जिल्ह्यातूनही मुंबईला दूध येऊ लागलं होतं. १९४५ची सरकारी दूध योजना ती. खरेदी पोल्सन कंपनीकडे, म्हणून उत्पादकाच्या हाती फारसं काही पडेना. जानेवारी १९४६ मध्ये समरखा गावी सभा झाली आणि पुढे पंधरा दिवस शेतकऱ्यांनी मुंबईला थेंबभर दूध दिलं नाही. सरकार नमलं. डिसेंबरात त्यांचा सहकारी संघ नोंदला गेला, तोच पुढे अमूल. पुस्तकांत त्रिभुवनदास पटेलांचं नाव येतं, ते यावंच. पण संप असला तरी म्हैस दोन वेळा पिळावीच लागते. ते पंधरा दिवस घरातल्या बाईने कसे काढले, हे कुणी लिहीत नाही.

आपल्याकडे जुलै २०१८ मध्ये मुंबईचं दूध अडवलं, तेव्हा लिटरला २५ रुपये ठरले. दोन वर्षांनी लॉकडाऊन आला. हॉटेलं, चहाच्या टपऱ्या, मिठाईची दुकानं बंद. गाईचं दूध वीस रुपयांच्याही खाली गेलं. रोज १० लाख लिटर दूध २५ रुपयांनी घेऊन भुकटी करायचं सरकारने ठरवलं, पण ते सगळ्यांपर्यंत पोचलं नाही.

आमच्या एकीने भावजयीच्या गाईसाठी गटातून कर्ज काढलं होतं. दहा दिवसांचा दुधाचा पगार सगळा पेंडीत जाऊ लागला, हप्ता थांबला. इकडे आमचीही धुणीभांड्याची कामं सुटलेली. बैठकीत भांडण झालं, खोटं कशाला बोला! शेवटी तीन महिने नुसतं व्याज घ्यायचं ठरलं. भावजयीने तरी एक गाय विकलीच, अर्ध्या किमतीत.

त्या महिन्यांत आमच्या दारातली पिशवी मात्र जुन्याच भावाने पडत होती.