एंजिनाचे दोन श्वास

मोटारीचे एंजिन इंधनावर चालते, असे सर्वसाधारणपणे म्हटले जाते. वस्तुतः ते इंधनाहून कितीतरी अधिक हवा खाते. एक किलो पेट्रोल नीट जळावयाचे तर त्याला सुमारे पंधरा किलो हवा लागते. पेट्रोल टाकीत भरून बरोबर नेता येते. हवा मात्र क्षणोक्षणी बाहेरूनच घ्यावी लागते. ही हवा एंजिन कशा रीतीने घेते, यावर त्याचा सारा स्वभाव अवलंबून असतो. पायाखालचा ॲक्सिलरेटर दाबताच जे उत्तर येते, ते लगेच येते की थबकून येते, हा भेद मुळात श्वासाचा भेद आहे.

गोमंतकाच्या उत्तर सीमेवरील पेडणे तालुक्यात तुये हे गाव आहे. तेथून निघालेली मोटार पेडणे, पत्रादेवी, बांदा, सावंतवाडी असा मार्ग आक्रमीत दाणोलीस येते आणि आंबोलीचा घाट चढू लागते. जवळजवळ समुद्रसपाटीवरून निघालेले वाहन अवघ्या काही तासांत सुमारे ६९० मीटर उंचीवर पोहोचते. एंजिनाच्या छातीची परीक्षा पाहावयाची असेल तर याहून सोयीची वाट मिळणे कठीण.

या वाटेवर एके काळी मुंबईच्या कुर्ल्याची फिएट धावत असे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीची ही गाडी पुढे ‘पद्मिनी’ या नावाने घरोघर ठाऊक झाली. तिचे एंजिन १०८९ घनसेंटिमीटरचे, म्हणजे जेमतेम सव्वा लिटरच्याही आतले. त्यात हवा भरणारे वेगळे यंत्र नव्हते. दट्ट्या खाली सरकला की सिलिंडरात पोकळी निर्माण होई आणि बाहेरच्या वातावरणाचा दाब हवेला आत लोटी. यालाच नैसर्गिक श्वसनाचे एंजिन म्हणतात.

अशा एंजिनाचा पहिला गुण म्हणजे त्याचा प्रामाणिकपणा. ॲक्सिलरेटर दाबताच हवेचा दरवाजा उघडतो, हवा आत शिरते आणि एंजिन तत्काळ उत्तर देते. पाय जितका दाबावा तितके उत्तर. फेरे वाढत जातात तशी शक्तीही पायरीपायरीने वाढत जाते आणि तिचा खरा भर फेऱ्यांच्या वरच्या टप्प्यात असतो. म्हणूनच घाटात अशा गाडीचा चालक गिअर उतरवून एंजिन मुद्दाम गरगरते ठेवतो. उणेपण एवढेच की, वातावरण जितके देईल त्याहून अधिक हवा या एंजिनास मिळू शकत नाही. आंबोलीच्या माथ्यावर हवेचा दाब समुद्रकाठच्या मानाने सुमारे आठ टक्क्यांनी कमी असतो. तेवढ्या प्रमाणात एंजिनाचे बळही ओसरते.

हे उणेपण दूर करण्याचा विचार स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्यूशी यांनी केला. एंजिनातून बाहेर पडणारा जळका वायू अतिशय तप्त व वेगवान असतो आणि त्यातील कितीतरी शक्ती धुराबरोबर वाया जाते. त्या वायूनेच एक चक्र फिरवावे, त्याच दांड्यावर दुसरे चक्र बसवावे आणि त्या दुसऱ्या चक्राने ताजी हवा दाबून सिलिंडरात भरावी, अशी त्यांची कल्पना होती. १९०५ साली त्यांनी तिचे पेटंट घेतले. ती कल्पना सिद्धीस जाण्यास वीस वर्षे लागली. १९२० नंतरच्या दशकात दोन जर्मन जहाजांवरील दहा सिलिंडरांच्या डिझेल एंजिनांना हे यंत्र जोडले गेले आणि प्रत्येकाची शक्ती १७५० अश्वशक्तीवरून २५०० वर गेली. त्याआधी, १९१८ साली, अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी विमानाचे एंजिन सुमारे ४३०० मीटर उंचीच्या पाइक्स शिखरावर नेले होते. टर्बोच्या साहाय्याने विरळ हवेतही ते एंजिन समुद्रसपाटीवरील जोर धरू शकते, हे त्यांनी तेथे दाखवून दिले.

जहाज आणि विमान यांना एक सवलत असते. त्यांची एंजिने तासन् तास एकाच गतीने चालतात. मोटारीचे तसे नाही. ती क्षणात थांबते, क्षणात वळते, क्षणात धावते. टर्बोचे चक्र मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेते; पण ते फिरावे म्हणून आधी पुरेसा जळका वायू हवा, आणि तो वायू मिळावा म्हणून एंजिनाने आधी काही काम केलेले हवे. चालक पाय दाबतो तेव्हा चक्र संथ असते. ते वेग घेईपर्यंत एंजिन आपल्या उघड्या श्वासावरच चालते. मग एकाएकी दाब चढतो आणि गाडी पाठीवर थाप पडावी तशी पुढे झेपावते. मधल्या या रिकाम्या क्षणाला चालकांच्या बोलीत ‘टर्बो लॅग’ हे नाव मिळाले.

हा क्षण डोळ्यांनी पाहण्याची सोय पेडणे तालुक्यातच होती. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाला आणि २०२२ साली विद्युतीकरण पुरे होईपर्यंत त्यावर डिझेल एंजिनांचेच राज्य होते. त्यांतील जुन्या अमेरिकी घडणीची एंजिने जोर घेऊ लागली की काळ्या धुराचा लोट उसळे. इंधन आधी पोहोचे, टर्बोची हवा मागून येई. हवा पोहोचली की धूर निवळे आणि गाडी वेग धरी.

मोटारींच्या इतिहासात या क्षणाने अनेकांना दगा दिला. १९६२ साली अमेरिकेत टर्बोच्या दोन गाड्या विक्रीस आल्या. त्यांतील ओल्ड्समोबाइल जेटफायरला एंजिन ठोके देऊ नये म्हणून पाणी व मद्यार्क यांचे खास मिश्रण भरावे लागे. मालक ते भरावयास विसरत. पुढच्याच वर्षानंतर ती गाडी बंद झाली. १९७३ च्या बीएमडब्ल्यू २००२ टर्बोचा विलंब आणि मागून येणारा धक्का, दोन्ही प्रसिद्ध होते. कोरड्या, सरळ रस्त्यावर तो धक्का गंमत वाटे; ओल्या वळणावर तोच जिवावर बेते. १९७७ साली पुढे आलेल्या स्वीडनच्या साब ९९ टर्बोने निराळा मार्ग धरला. कमाल शक्तीचा मोह सोडून तिच्या अभियंत्यांनी कमी फेऱ्यांतच दाब देणारा टर्बो बसविला आणि जादा वायूला वाट काढून देणारी झडप ठेवली. तेव्हापासूनची सारी खटपट या विलंबाला आखूड करण्याचीच आहे. चक्रे लहान व हलकी झाली, वायूचा झोत वळविणाऱ्या हलत्या पात्या आल्या, इंधनाचे माप विजेच्या मेंदूकडे गेले.

महाराष्ट्रात हे स्थित्यंतर पुणे परिसरात घडले. १९९८ साली टाटांची इंडिका आली ती नैसर्गिक श्वसनाचे १४०५ घनसेंटिमीटरचे डिझेल एंजिन घेऊन. पुढे त्याच एंजिनास टर्बो मिळाला. २००६ पासून चार मीटरांच्या आतील आणि पेट्रोलचे १२०० घनसेंटिमीटरपर्यंतचे एंजिन असलेल्या गाड्यांना करात सवलत मिळू लागली. आकार वाढविण्यास बंदी, पण हवा दाबून भरण्यास नाही! साहजिकच लहान एंजिनास टर्बो जोडण्याकडे कल वाढला. २०१४ ची झेस्ट आणि २०१७ ची रांजणगावची नेक्सॉन ही त्याची उदाहरणे होत.

आता तीच आंबोलीची वाट अशा नव्या गाडीने चढून पाहावी. हवा विरळ झाली तरी टर्बो ती तूट बहुतांशी भरून काढतो. जोर फेऱ्यांच्या मधल्या टप्प्यातच भरभरून मिळतो. त्यापुढे एंजिन ताणण्यात फारसा अर्थ उरत नाही. आवाजही दबलेला असतो, कारण जळक्या वायूचे ठोके चक्रावर आपटून विरतात. मात्र तीव्र वळणावर वरच्या गिअरमध्ये फेरे फार खाली गेले, तर टर्बो निजलेला असतो. समोरून एस. टी. येताना मालमोटारीला मागे टाकावयाचे असेल, तर तो एक क्षण फार मोठा ठरतो. जाणता चालक म्हणून वळणाआधीच गिअर उतरवितो आणि टर्बो जागा आहे याची खात्री करूनच बाहेर पडतो.

जुन्या फिएटने चालकाला एंजिन ताणावयास शिकविले. नवी गाडी त्याला थोडे आधी विचार करावयास शिकविते. पहिली थोडे देते, पण मागताक्षणी देते. दुसरी भरपूर देते, पण मागणी वेळेवर पोहोचावी लागते. विजेच्या मोटारीने श्वासाचा हा प्रश्नच मिटवून टाकला आहे. तिला हवा लागतच नाही. पण जोवर घाटात एंजिने धडधडत आहेत, तोवर आपले यंत्र कोणत्या श्वासाचे आहे हे चालकाने ओळखले पाहिजे. कारण अरुंद रस्त्यावर उत्तर किती जोराचे आहे यापेक्षा ते केव्हा येते, यावरच माणसांचे प्राण अवलंबून असतात.