नागेशभट्ट आणि क्रियापदाचा अर्थ

दिल्लीच्या सचिवालयांत टिपणे लिहिण्यात ज्यांचा दिवस जातो, त्यांस ‘आदेश काढण्यात आला’ हे वाक्य परके नाही. आदेश निघाला, एवढे त्यातून कळते. तो काढला कोणी, हे कळत नाही. या भेदाच्या मुळाशी असलेल्या प्रश्नाचा सूक्ष्म विचार एका महाराष्ट्रीय पंडिताने स्वदेशापासून दूर, काशीत केला होता. काळे उपनावाचे नागेशभट्ट हे अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातील थोर वैयाकरण. हरि दीक्षितांचे ते शिष्य. शृंगवेरपूरच्या रामसिंहाचा त्यांस आश्रय होता.

‘चैत्र गावास जातो’ या वाक्यात मुख्य काय, हा त्या काळी शास्त्रकारांचा मोठा वाद होता. नैयायिकांच्या मते मुख्य चैत्र. जाणे हे त्याचे विशेषण. मीमांसकांस विधिवाक्यांचा अर्थ लावावयाचा असे. त्यांनी प्रत्ययातून व्यक्त होणाऱ्या ‘भावने’स प्राधान्य दिले. वैयाकरणांनी क्रिया मुख्य मानली. कर्ता व कर्म ही तिची विशेषणे ठरली.

सतराव्या शतकात कौंडभट्टांनी धात्वर्थाचे दोन अंश मांडले: व्यापार आणि फल. ‘शिजवणे’ यात चूल पेटविणे, भांडे ठेवणे हा व्यापार. तांदूळ मऊ होणे हे फल. या दोहोंत व्यापारच प्रधान, असे त्यांचे मत. नागेशभट्टांनी आपल्या ‘मंजूषे’त येथे मतभेद नोंदविला. कर्तरि प्रयोगात व्यापार प्रधान खरा. परंतु कर्मणि प्रयोगात फल प्रधान होते, असे ते म्हणतात.

पाश्चात्य तत्त्वज्ञ डोनाल्ड डेव्हिडसन यांनी 1967 साली क्रियावाक्यांत ‘घटना’ ही स्वतंत्र वस्तू मानून क्रियाविशेषणे तिच्याकडे लावली. येथे ‘हे आमच्याकडे आधीच होते’ असे म्हणण्याचा मोह आवरावा. डेव्हिडसन यांस एका वाक्यातून दुसरे कसे निष्पन्न होते, हे तर्काने दाखवावयाचे होते. आपल्या पंडितांस वाक्यश्रवणाने होणाऱ्या बोधाची घडण सांगावयाची होती. साम्य आहे ते क्रियेस केंद्रस्थानी ठेवण्यात.

नागेशभट्टांच्या दृष्टीने पाहता कचेरीतील ते वाक्य असत्य नव्हे. ते फलास पुढे आणते. मात्र फल पुढे आले म्हणून व्यापार नाहीसा होत नाही, आणि व्यापार आहे तेथे त्याचा आश्रय असलेला कर्ताही असतोच. टिपणावर सही करणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे.