'टेक अवे' : वजा, वेगळे की हिरावलेले?

इंग्रजीतील 'टेक अवे' हे क्रियापद दिसावयास साधे, परंतु मराठीत आणताना त्याचे अर्थ वेगवेगळे करावे लागतात. अंकगणितात ते 'वजा करणे', वस्तूविषयी 'उचलून नेणे', प्रदेशाविषयी 'वेगळा काढणे', हक्काविषयी 'काढून घेणे'. आणि अन्याय सुचवावयाचा असेल तर 'हिरावून घेणे'. त्याचे पर्यायही समान नाहीत. 'विथड्रॉ' म्हणजे देणाऱ्यानेच परत घेणे, तर 'डिप्राइव्ह' म्हणजे दुसऱ्यास वंचित करणे. वकिली करताना शब्द चुकला की दावाच बदलतो, हे आम्ही नित्य अनुभवतो.

हे सारे शब्द 1956 च्या घटनेला लावून पाहावेत. त्यापूर्वीच्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती आणि हिंदी व मराठी या दोन्ही तेथील राजभाषा होत्या. 1 नोव्हेंबर 1956 रोजी बुलढाणा, अकोला, अमरावती, यवतमाळ, वर्धा, नागपूर, भंडारा व चांदा हे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. नव्या मध्य प्रदेशाची राजधानी नबाबी काळापासून उर्दूत कारभार पाहिलेल्या भोपाळात आली, तर उच्च न्यायालय जबलपुरास गेले. पुढे 1957 च्या राजभाषा अधिनियमाने हिंदी ही राजभाषा ठरली. सौंसर, पांढुर्णा, मुलताई, बऱ्हाणपूर येथील मराठी माणूस होता तेथेच राहिला. त्याची राजधानी आणि राजभाषा मात्र बदलली.

मग मराठी 'हिरावली' गेली काय? राज्य पुनर्रचना अधिनियमात 'टेक अवे' कोठेही कर्ता होऊन उभे राहत नाही. हे प्रदेश जुन्या राज्याचा भाग 'असण्याचे बंद होतील', एवढेच तेथे म्हटले आहे. म्हणजे कोणी काढले नाही. ते आपोआप निघाले! मराठीचे व्याकरण येथे अधिक प्रामाणिक आहे. आपल्याकडे काढणे आणि निघणे, तोडणे आणि तुटणे, सोडणे आणि सुटणे अशा जोड्या आहेत. 'तुटले' म्हटले की करणारा झाकला जातो. 'तोडले' म्हटले की कोणी, हा प्रश्न उभा राहतोच.

तथापि हा प्रश्न आपणांसही लागू आहे. त्याच वर्षीच्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद 350क आला. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याच्या पुरेशा सोयी राज्याने कराव्यात, असे तो सांगतो. मूळच्या अनुच्छेद 350 नुसार गाऱ्हाणे मांडणारे निवेदन संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येते. ही तरतूद 1956 मध्ये वजा झाली नाही, मागे घेतली गेली नाही, हिरावलीही नाही. ती आजही जागेवर आहे.

सीमेपलीकडील बंधुभगिनींनो, राजभाषेचे स्थान मराठीकडून काढले गेले, हे खरे. परंतु मराठीत निवेदन देण्याचा हक्क कोणी काढून घेतलेला नाही. तो आपल्या हातून सुटू पाहत आहे. काढून घेतलेल्यासाठी दाद मागावी लागते. सुटलेले मात्र वाकून पुन्हा उचलता येते. पुढचे निवेदन मराठीत लिहावे, एवढेच आमचे मागणे आहे.