शोमरोनी कोण होता?

‘चांगला शोमरोनी’ हे शब्द आपल्या इतके अंगवळणी पडले आहेत की शोमरोनी म्हणजे परोपकारी, असेच आपण समजून चालतो. लूकच्या दहाव्या अध्यायातील हा दृष्टांत ज्यांनी प्रथम ऐकला, त्यांना मात्र हे दोन शब्द एकत्र सहन झाले नसते. धर्मग्रंथ वाचताना लेखकाचा काळ व रीती ध्यानी घ्याव्यात, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली सांगितले, ते येथे उपयोगी पडते.

गरिज्जीम डोंगरावरील शोमरोन्यांचे मंदिर यहुदी महायाजक योहान हिर्कानस याने इ. स. पूर्व दुसऱ्या शतकाच्या अखेरीस उद्ध्वस्त केले. पुढे प्रभू येशूच्या लहानपणी काही शोमरोन्यांनी यरुशलेमच्या मंदिरात मानवी हाडे टाकून ते विटाळले, असे इतिहासकार योसेफस नोंदवतो.

याजक विटाळाच्या भयाने बाजूने निघून गेला, असे प्रवचनांत ऐकू येते. आम्हांला ते पटत नाही. तो यरीहोकडे उतरत होता; मंदिर मागे राहिले होते. शिवाय बेवारस प्रेताला मूठमाती देण्यासाठी महायाजकानेही विटाळ पत्करावा, असे मिश्ना हा यहुदी नियमसंग्रह सांगतो. इथे तर माणूस जिवंत होता!

यहुदी समाज याजक, लेवी आणि सामान्य इस्राएली असा मोजला जाई. दोघे निघून गेल्यावर श्रोत्यांनी तिसऱ्याची, म्हणजे आपल्यासारख्याच कुणाची वाट पाहिली असणार. आला तो शोमरोनी. त्याने उतारशाळेच्या मालकाला मजुराची दोन दिवसांची मजुरी, दोन दिनार, काढून दिली.

जखमीचा शेजारी कोण ठरला, असे प्रभूने विचारले. दया करणारा, एवढेच शास्त्री म्हणाला. ‘शोमरोनी’ हा शब्द त्याने उच्चारला नाही.