वाकनळीपासून प्राणवायूपर्यंत

दिव्याच्या ज्योतीत वाकनळीने फुंकर घालून दागिन्यास डाग देणे हे आपल्या सुवर्णकार समाजाचे पिढीजात कसब होय. काचेची नळी ज्योतीवर मऊ करून तिला आकार देणारा कारागीर हा या दृष्टीने आपला व्यवसायबंधूच ठरतो. युरोपातील जुने कारागीर तेलाच्या दिव्यावर पायभात्याचा वारा सोडून काम करीत. यावरूनच या कलेस दिव्यावरील काचकाम असे नाव पडले.

आपली आटपाडी औंध संस्थानात होती. त्याच संस्थानाच्या आश्रयाने १९१६ साली कऱ्हाडजवळ ओगले बंधूंचा काचकारखाना उभा राहिला व त्याचा प्रभाकर कंदील घरोघरी पोहोचला. त्यापूर्वी १९०८ साली जनतेच्या पैशापैशाच्या वर्गणीतून तळेगावी पैसाफंड काचकारखाना निघाला होता. तथापि हे भट्टीचे काम. प्रयोगशाळेची नाजूक उपकरणे मात्र ज्योतीवरच घडतात.

साधी काच हवेच्या ज्योतीतही वळते. बोरोसिलिकेट काच सुमारे ८२० अंश सेंटिग्रेडला मऊ होऊ लागते व सुखाने घडविण्यास सुमारे १२५० अंशांची उष्णता लागते. हवेचा जेमतेम पंचमांश भाग प्राणवायू असून उरलेला बहुतेक नत्रवायू नुसताच तापून उष्णता नेतो. म्हणून येथे शुद्ध प्राणवायू आवश्यक होतो. १७७४ साली प्रीस्टलेने हा वायू वेगळा करून दाखविला. १८०१ साली अमेरिकेत रॉबर्ट हेअरने प्राणवायू व हायड्रोजन यांची फुंकणी सिद्ध केली. पुढे जर्मनीच्या लिंडेने १८९५ साली हवा द्रवरूप करण्याची रीत काढली व त्यातूनच प्राणवायू टाक्यांत भरून स्वस्तात मिळू लागला.

अशी ज्योत मांडताना शिस्त हवी. टाकी उभी ठेवून साखळीने बांधावी. तिच्यात वायू सुमारे १५० वातावरणांच्या दाबाने कोंडलेला असतो, म्हणून दाबनियंत्रकावाचून तो फुंकणीत घेऊ नये. प्राणवायूच्या जोडांना तेल अगर ग्रीज कदापि लावू नये. त्याच्या सान्निध्यात तेल आपोआप भडकते. जळाऊ वायूच्या जोडांचे आटे उलटे असतात ते याचसाठी, की नळ्यांची अदलाबदल होऊ नये. ज्योत मागे फिरू नये म्हणून दोन्ही नळ्यांवर उलटज्योतरोधक झडपा बसवाव्यात. आधी जळाऊ वायू किंचित सोडून पेटवावा, मग प्राणवायू हळूहळू वाढवावा. तापलेल्या काचेतील सोडियमची पिवळी झळाळी दृष्टी दिपविते, यास्तव डिडिमियमचा चष्मा वापरावा. खोलीत वारा खेळता असावा. घडविलेली वस्तू सुमारे ५६० अंशांवर ठेवून मग सावकाश निवू द्यावी, अन्यथा आतील ताणाने ती तडकते.

समाजबंधूंनो, ओगल्यांचा कारखाना पुढे बंद पडला, परंतु महाविद्यालयांतून व औषधनिर्मितीच्या कारखान्यांतून काच घडविणाऱ्या हातांची गरज संपलेली नाही. आपल्या भागातील कितीतरी तरुण गलाईच्या धंद्यासाठी परप्रांती जातात. अग्नीशी त्यांचा परिचय जन्मजात, धातू वितळण्याची वेळ रंगावरून ओळखणारी नजर त्यांना घरीच लाभते. मात्र हे कसब ग्रंथात वाचून साधत नाही. गुरूजवळ बसूनच ते हाती येते आणि गुरू गेला की त्याच्याबरोबर जाते. म्हणून समाजाच्या विद्यार्थी-साह्य निधीतून दरवर्षी एका तरी मुलास ही कला शिकण्यास पाठवावे, अशी माझी नम्र विनंती आहे. वाकनळ अडगळीत जात असली, तरी फुंकर घालणारा श्वास आपल्या घरात अजून शिल्लक आहे.