उपदंशजन्य मज्जारज्जुदाह : जर्मनीत उकललेले कोडे आणि आजची सावधगिरी

उपदंश, अर्थात सिफिलिस, हा प्रामुख्याने शरीरसंबंधातून पसरणारा जिवाणूजन्य आजार आहे. बोलीभाषेत त्याला ‘गरमी’ म्हणतात. त्याचे जिवाणू पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूला किंवा त्याच्या आवरणांना दाह उत्पन्न करतात, तेव्हा त्या विकाराला उपदंशजन्य मज्जारज्जुदाह म्हणतात. पेनिसिलिनच्या प्रसारानंतर तो दुर्मीळ झाला, परंतु नाहीसा झाला नाही. जर्मनीत २००१ साली उपदंशाच्या नोंदी दोन हजारांहून कमी होत्या. २०२३ मध्ये त्यांनी नऊ हजारांचा आकडा ओलांडला. यांतील फार थोड्या रुग्णांच्या मज्जारज्जूला बाधा होते. मात्र ती बाधा लवकर ओळखली गेली तर रुग्ण बरा होऊन चालू लागतो, आणि उशीर झाला तर पायांतील बळ कायमचे जाऊ शकते.

विकाराची रूपे

पहिले रूप संसर्गानंतर काही महिन्यांत किंवा थोड्या वर्षांत दिसते. आवरणांसह मज्जारज्जूला सूज येते. दोन्ही पाय जड व ताठर होतात, कमरेखाली बधिरता येते, लघवी अडते किंवा तिच्यावरील ताबा सुटतो. काही वेळा मज्जारज्जूला रक्त पुरवणारी धमनीच दाहामुळे बंद होते आणि पाय एकाएकी लुळे पडतात.

दुसरे रूप ‘टाबेस डोर्झालिस’ या नावाने ओळखले जाते. ते बहुधा पंधरा ते पंचवीस वर्षांनी उद्भवते. यात मज्जारज्जूच्या मागील बाजूचे, शरीराची स्थिती मेंदूला कळवणारे तंतू झिजतात. पायांतून विजेसारख्या कळा जातात, गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया नाहीशी होते आणि पाऊल कोठे पडते आहे याचे भान उरत नाही. उजेडात सावरून चालणारा माणूस अंधारात किंवा डोळे मिटल्यावर डळमळतो.

संशोधनाचा इतिहास

डोळे मिटताच तोल जाण्याचे हे लक्षण बर्लिनचे वैद्य मोरिट्स हाइनरिश रोमबेर्ग यांनी १८४० च्या दशकात आपल्या मज्जाविकारांवरील ग्रंथात नोंदवले. आजही ती तपासणी त्यांच्या नावाने होते. कारण मात्र अज्ञात होते. थंडी, अतिश्रम, विषयासक्ती अशी नाना कारणे सांगितली जात. ड्युसेलडॉर्फमध्ये १७९७ साली जन्मलेले कवी हाइनरिश हायने १८४८ पासून १८५६ मध्ये मृत्यू येईपर्यंत पॅरिसमध्ये अंथरुणाला खिळून होते. आपल्या शय्येला ते गादीचे थडगे म्हणत. दीर्घकाळ त्यांचा आजार मज्जारज्जूचा उपदंश मानला गेला. पुढे त्यांच्या केसांच्या परीक्षणात शिशाचे प्रमाण मोठे आढळले, आणि शिशाची विषबाधा व क्षयरोग या शक्यताही पुढे आल्या. केवळ लक्षणांवरून हे निदान करणे किती अवघड आहे, हे या वादातून दिसते.

१८७० च्या दशकात पॅरिसचे आल्फ्रेड फूर्निए यांनी टाबेसचे मूळ उपदंशात असल्याचे प्रतिपादन केले. हायडेलबेर्गचे विल्हेल्म एर्ब यांनी टाबेसच्या व इतर आजारांच्या रुग्णांचा पूर्वेतिहास विचारून, मोजून, ताडून पाहिला. टाबेसच्या रुग्णांत पूर्वी उपदंश झाल्याचे प्रमाण कितीतरी अधिक निघाले. प्रतिष्ठित वैद्यांचा विरोध असूनही एर्ब मागे हटले नाहीत. १८९२ मध्ये त्यांनी उपदंशामुळे हळूहळू येणाऱ्या पायांच्या ताठर पक्षाघाताचे स्वतंत्र वर्णन केले.

पुरावा पुढे टप्प्याटप्प्याने मिळत गेला. कीलचे हाइनरिश क्विंके यांनी १८९१ मध्ये कमरेतून सुई घालून मज्जाद्रव काढण्याची पद्धत मांडली. १९०५ मध्ये बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात फ्रिट्स शाउडिन आणि एरिश होफमान यांना मळसूत्रासारखा जिवाणू सापडला. १९०६ मध्ये आउगुस्ट फॉन वासरमान यांची रक्तचाचणी आली. १९१० मध्ये पाउल एरलिश व साहाचिरो हाता यांचे ‘साल्वारसान’ हे औषध बाजारात आले. १९४३ नंतर पेनिसिलिनने ही सर्व औषधे मागे टाकली.

निदान

प्रथम रक्ततपासणी होते. येथे एक बाब ध्यानात ठेवावी : जिवाणूविरोधी प्रतिपिंडांची चाचणी उपचारानंतरही बहुधा आयुष्यभर सकारात्मक राहते. आजार सध्या सक्रिय आहे की नाही हे ‘व्हीडीआरएल’सारख्या दुसऱ्या चाचणीच्या पातळीवरून ठरवतात. मज्जासंस्थेची शंका असल्यास मज्जाद्रव तपासून त्यातील पेशी, प्रथिने आणि प्रतिपिंडे पाहतात. एमआरआयमध्ये सूज दिसते, पण ती कशामुळे आली हे केवळ चित्रावरून सांगता येत नाही. एचआयव्हीची तपासणीही सोबत केली जाते.

मराठी वाचकांसाठी एक साम्य विशेष महत्त्वाचे आहे. बी-१२ जीवनसत्त्वाच्या अभावाने मज्जारज्जूचे तेच मागील तंतू बाधित होतात आणि डोळे मिटल्यावर तसाच तोल जातो. शाकाहारी घरांत हा अभाव पुष्कळ आढळतो. जर्मनीत गोचिडीच्या चाव्यातून होणारा बोरेलिओसिस आणि मल्टिपल स्क्लेरोसिस हेही विचारात घ्यावे लागतात. म्हणून अशा लक्षणांवर घरच्या घरी तर्क न करता मज्जाविकारतज्ज्ञाकडे जावे. कारण न शोधता केवळ स्टिरॉइड दिल्यास मूळ संसर्ग तसाच राहतो.

उपचार

रुग्णालयात साधारण दोन आठवडे शिरेतून पेनिसिलिन देतात. काही रुग्णांना सेफ्ट्रायॅक्सोन दिले जाते. प्राथमिक उपदंशात वापरले जाणारे स्नायूतील दीर्घकालीन इंजेक्शन येथे पुरेसे नसते, कारण मज्जाद्रवात औषधाची आवश्यक पातळी त्याने गाठली जात नाही. पहिल्या चोवीस तासांत ताप व थंडी येऊ शकते. मरणाऱ्या जिवाणूंमुळे उद्भवणारी ही प्रतिक्रिया ‘यारिश-हेर्क्सहायमर’ या नावाने ओळखली जाते. यांपैकी फ्रांकफुर्टचे त्वचारोगतज्ज्ञ कार्ल हेर्क्सहायमर ज्यू होते. नाझी राजवटीने त्यांना थेरेझिनष्टाटच्या छावणीत पाठवले आणि तेथेच १९४२ मध्ये त्यांचा अंत झाला.

उपचारानंतर रक्त व गरजेनुसार मज्जाद्रव पुन्हा तपासतात. दाह नवा असेल तर सुधारणा चांगली होते. टाबेसमध्ये आजार थांबतो, पण झिजलेले तंतू परत येत नाहीत.

जर्मनीत राहणाऱ्यांसाठी

जर्मन वैद्यकीय पत्रांत या आजाराचा उल्लेख बहुधा ‘लुएस’ किंवा ‘न्यूरोलुएस’ असा असतो. हा शब्द ठाऊक नसल्याने कागद बाजूला पडू नये. गर्भवतींची उपदंशचाचणी येथे नियमित तपासणीचा भाग असते, आणि ‘मुटरपास’मध्ये चाचणी झाल्याची नोंद होते, निष्कर्षाची नव्हे.

चारचौघांत कळेल या भीतीने अनेक जण डॉक्टरांची पायरी टाळतात. संसर्गप्रतिबंधक कायद्यानुसार प्रयोगशाळा ही नोंद रोबर्ट कोख संस्थेकडे पाठवते, परंतु रुग्णाच्या नावाविना. रजेसाठी नियोक्त्याला मिळणाऱ्या वैद्यकीय दाखल्यात आजाराचे नाव नसते. स्थानिक आरोग्य कार्यालयात, म्हणजे ‘गेझुंडहाइट्सआम्ट’मध्ये, लैंगिक आजारांविषयी सल्ला व तपासणी नाव न सांगताही मिळू शकते. जोडीदाराची तपासणी तितकीच आवश्यक असते.

पायांत नवी कमजोरी, कमरेखाली बधिरता आणि लघवीवरील ताबा सुटणे ही लक्षणे एकत्र दिसली तर ती तातडीची स्थिती समजावी. भेटीच्या तारखेची वाट न पाहता ११२ वर दूरध्वनी करावा किंवा रुग्णालयाचा आपत्कालीन विभाग गाठावा. पूर्वी उपदंश झाला असल्यास तेही तेथे निःसंकोच सांगावे, कारण त्या एका वाक्याने निदानाचे अनेक दिवस वाचू शकतात.